नसीमचा बर्फ

नसीम गेल्याची बातमी माझ्या फोनवर आली नाही. ती माझ्या भावाच्या फोनवर आली. मी स्वयंपाकघरात होते. विलास बाहेरच्या खोलीत खाटेवर बसून "हां... हां... कवा?" असे कोणाशी तरी हळू आवाजात बोलत होता, आणि मग तो बोलायचा थांबला. मी दारात आले तेव्हा त्याने फोन पालथा करून गुडघ्यावर ठेवला होता. "अक्का, आपा गेली," तो म्हणाला. "सकाळी उठलीच न्हाई." दुःख व्हायच्याही आधी माझ्या मनात आले ते असे, की तिच्या भाचीने हे आधी त्याला का कळवले? दिंद्रुडच्या शाळेत पहिल्या इयत्तेपासून तिच्या शेजारी बसत होते ती मी... हा मत्सर वगळून लिहावे, असे मी काही आठवडे ठरवून पाहिले. लिहिण्याची सवय नाही, नोकरीत असताना प्रश्नपत्रिकांपलीकडे कधी काही लिहिले नाही. त्यामुळे वगळणेही जमेना. शिवाय तो वगळला की वर्तमानपत्रांत आले त्याहून निराळे असे माझ्याजवळ काही उरत नाही.

वर्तमानपत्रांत आले ते खरे आहे. डॉ. नसीम शेख हिने आपली सारी हयात आनुवंशिक रक्तदोषांवरील जनुकोपचाराच्या संशोधनात घालवली; दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत तिची स्वतःची प्रयोगशाळा होती; तिचे विद्यार्थी आज अनेक देशांत आहेत. तिने हाच विषय का निवडला, हे मात्र कुठेही छापून आलेले नाही. ते माझ्या घरात घडले. माझ्या धाकट्या भावाला हिमोफिलिया आहे. रक्त गोठवणारे एक प्रथिन त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही. साधा मुका मार लागला तरी सांध्याच्या आत रक्त साचत राहते. हे वाक्य मी आज, पासष्टी उलटल्यावर, प्रथमच कागदावर लिहीत आहे. आमच्या घरी ते उच्चारायला मनाई होती. हा दोष आईकडून मुलाकडे येतो आणि बहीणही तो पुढे नेऊ शकते, एवढे डॉक्टरांनी सांगितले होते; तेवढे आईला पुरे झाले. "बाहेर बोलायचं न्हाई. तुझं लगीन व्हायचंय," असे ती मला बजावी. माझे लग्न पुढे झालेच नाही. मनाई मात्र टिकली.

नसीमच्या वडिलांचे, रहीमचाचांचे, बसथांब्याजवळ गोटीसोड्याचे आणि सरबताचे दुकान होते. परळीहून एसटीच्या टपावरून येणारी बर्फाची लादी लाकडाच्या भुशात, गोणपाटाखाली झाकलेली असे. गावात बर्फ मिळे तो तिथेच. विलासचा गुडघा सुजून टम्म झाला, की आई मला दुकानाकडे पिटाळी. मी निरोप सांगून परत येईपर्यंत नसीम बर्फाचा तुकडा फडक्यात बांधून, फ्रॉक भिजवत, माझ्या पुढे आमच्या ओट्यावर पोचलेली असे. दुकानाकडे धावण्याआधी कितीतरी वेळ मी त्याचे डोके मांडीवर घेऊन बसलेली असायची, हात चोळायची, गोष्टी सांगायची; तो रडायचा थांबत नसे. ती यायची, गुडघ्यावर बर्फ धरायची आणि म्हणायची, "रडू नको बे, तुझ्या रडण्यानं बर्फ इतळायलाय." की तो हसायचा! मुलींनी 'बे' म्हणू नये, असे आई तिला दर वेळी सांगे. ती दर वेळी "जी, काकू," म्हणे आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच. आई हे रागावून सांगत नसे, हेही मी पाहून ठेवले होते.

शाळेत पहिला क्रमांक माझा असे, दुसरा तिचा. औरंगाबादला एम.एस्सी. होईपर्यंत हा क्रम बहुतेक टिकला. त्यानंतर संशोधनाच्या जागेसाठी आम्हा दोघींनाही त्या दक्षिणेतल्या संस्थेतून मुलाखतीचे बोलावणे आले. रहीमचाचा दुकान बंद ठेवून आम्हाला घेऊन गेले. आधी माझी पाळी होती. समितीतल्या एका वृद्ध बाईंनी विचारले, "आनुवंशिक रोगच का?" मी पाठ्यपुस्तकात होते तेवढे सगळे सांगितले, आणि बिनचूक सांगितले. त्या थोडा वेळ वाट पाहत राहिल्या. मी आणखी काही बोलले नाही... आईची आज्ञा मी त्या खोलीतही पाळली. नंतर नसीम आत गेली. बाहेर आल्यावर, तिला काय विचारले, असे मी विचारले. ती म्हणाली, "तेच. मी सांगितलं, माझ्या मैत्रिणीच्या भावाचं रगत थांबत न्हाई आणि मी नुसता बर्फ नेऊन नेऊन थकले."

जागा तिला मिळाली. ती हुशार होती, तिला ती कधी ना कधी मिळालीच असती, असे मी पुढे अनेकांना सांगितले आणि ते मलाही पटते. पण दुखणे आमचे होते. जागरणे आमची होती. ते बोलून दाखवायची मुभा मात्र तिला होती, कारण तिच्या लग्नाची अडचण त्यात नव्हती. आणि माझ्या भावाचे नाव घेऊन ती ज्या दारातून आत गेली, त्या दाराबाहेरच्या बाकावर रहीमचाचा मला केळे सोलून देत होते. पुढे मी माजलगावला महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवू लागले. आनुवंशिकतेचा धडा मी उत्तम शिकवते, असा लौकिक होता. हिमोफिलियाचे उदाहरण मी परदेशातल्या राजघराण्याचे देई.

ती वर्षातून एकदा तरी येई. रिक्षातून उतरली, की चपला दारात काढून आधी स्वयंपाकघरात जायची, फ्रीज उघडायची आणि बर्फाचा ट्रे पाहायची. कमी असेल तर नळाखाली धरून काठोकाठ भरायची आणि मगच विचारायची, "कशी हायस गं?" एकदा विलासने तिला, तुम्ही नेमके काय करता, असे विचारले. तिने हाताने बाटलीचा आकार करून दाखवला. "गोटीसोड्याची बाटली आठवती ना? एक गरीब विषाणू घ्यायचा. त्याच्यातला त्याचा माल काढून टाकायचा. बाटली रिकामी. मंग तुझ्यात जे जनुक बिघडलंय, त्याची धड प्रत तिच्यात भरायची आणि शिरेतून सोडायची. बाटली थेट यकृतात जाती. तिथं माल उतरला की तुझं अंग ते प्रथिन आपलं आपण बनवाया लागतं." विलास म्हणाला, "म्हंजे तुमी अजून चाचांचंच दुकान चालवताव." ती इतकी हसली, की तिला ठसका लागला. हाच विषय मी त्याला दोन वेळा, आकृती काढून समजावला होता. त्या दोन्ही वेळा तो "बरं, अक्का," म्हणाला होता.

मग तो दिवस आला, ज्याच्यासाठी आम्ही तिघेही आपापल्या परीने जगत होतो. तो उपचार माणसांवर करून पाहण्याची परवानगी तिच्या संस्थेला मिळाली, आणि निवडीसाठी विलासचेही रक्त तपासायला गेले. तो निकालाची वाट पाहत होता, असे तो कधी म्हणाला नाही. फक्त त्याने न्हाव्याला घरी बोलावून दाढी करून घेतली आणि कपिलधारचा धबधबा एकदा खाली उतरून बघायचाय, असे सहज बोलल्यासारखे बोलला. निकाल सांगायला नसीम स्वतः आली. त्या दिवशी तिने फ्रीज उघडला नाही. सरळ त्याच्या खाटेवर जाऊन बसली. मी चहाचे कप घेऊन उंबऱ्यापाशी थांबले.

"तुझ्या अंगाला बाटली ओळखीची निघाली," ती म्हणाली. "तसला विषाणू तुला आधी कधीतरी होऊन गेलाय, तुला कळलंबी नसंल. आता आमी सोडली, की तुझं रगत ती वाटंतच फोडून टाकणार. तुला घेता येत न्हाई, विलास."

त्याने दाढी केलेल्या हनुवटीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "दुसरी बाटली घ्या की, आपा."

"घेतेच. पण लई दिवस लागतील."

"लागू द्या. मी कुटं पळून चाललोय?" असे म्हणून त्याने आपल्या वाकड्या गुडघ्यावर थाप मारली. ती हसली, तोही हसला, आणि हसता हसता त्याने तिच्या खांद्यावर डोके टेकले. मोठा झाल्यापासून माझ्यासमोर तो असा कधी रडला नव्हता. मी कप घेऊन परत फिरले. चहा निवला होता.

थोड्या वेळाने ती स्वयंपाकघरात आली. "हे मला तू सांगायला हवं होतंस, मी त्याला सांगितलं असतं," मी म्हणाले. माझ्या आवाजात होते ते तिने ओळखले असावे. ती ट्रे नळाखाली धरून उभी होती. म्हणाली, "तू न्हाई सांगितलं असतं. चहा केला असतास." मी उत्तर दिले नाही, म्हणजे पुन्हा तेच केले... दुसऱ्या प्रकारच्या विषाणूवरचे काम तिने त्यानंतर सुरू केले. ते आता तिचे विद्यार्थी करत आहेत. ते होईल तेव्हा विलासच्या वयाला त्याचा उपयोग असेल की नाही, हे त्यांनाही सांगता येत नाही. एवढ्यासाठीच तिने आणखी जगायला हवे होते, आणि तिने जगायला हवे होते असे मला प्रथम वाटले ते त्याच्यासाठी, हेही इथे लिहून टाकते.

परवा संध्याकाळी ओट्यावरून उतरताना विलासचा पाय मुरगळला. रक्त गोठवणारे इंजेक्शन टोचून झाले, तरी सूज चढतच होती. मी फ्रीज उघडला. ट्रे काठोकाठ भरलेला होता. मी तो भरला नव्हता. कुबडी भिंतीला टेकवून, एका पायावर उभा राहून तो हे कधीपासून करत असेल, कोण जाणे. मी बर्फ फडक्यात बांधला, त्याच्या घोट्यावर धरला. तो डोळे मिटून पडला होता आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होते. ते घोट्यासाठी नव्हते, हे मला कळत होते. मी इकडेतिकडे पाहिले. घरात कोणी नव्हते.

"रडू नको बे," मी म्हणाले.

त्याने डोळे उघडले. माझ्याकडे पाहत राहिला आणि मग खाट हलेपर्यंत हसला. "तुला न्हाई जमत, अक्का," तो म्हणाला.

नाहीच जमत. फडक्यातले पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होते. मी बर्फ धरून बसून राहिले. तो विरघळल्यावर उठले, ट्रे नळाखाली धरला आणि ती भरत असे तसा भरला.