एका चुकीला मूठभर शेंगा

माणसाला बसण्यासाठी देवाने जे काही दिलं आहे, ते माझ्या शेजारच्या वर्गाच्या बाईंना द्यायला तो साफ विसरला होता. बाळांनो, ही दुसऱ्या महायुद्धाआधीची गोष्ट. शहादा तालुक्यातल्या मुलींच्या एका शाळेत मी नवी शिक्षिका होते. आमच्या दोन वर्गांमध्ये नुसती बांबूची तट्टी. बाई अंबाड्यात खडू खोचून तिकडे बेरीज शिकवत, कान मात्र इकडे. मध्येच तट्टीवर डोकं उगवे, "ओ बाई, मांगली पोर झोपी गयी!" आणि मागच्या ओळीतली पोर दचकून जागी होईपर्यंत गडप होई.

सगळ्यात विचित्र नेम शाळा सुटल्यावरचा. आम्ही चौघी शिक्षिका ओट्यावर जमायचो. बाई भाजलेल्या शेंगांची टोपली घेऊन आमच्याभोवती येरझाऱ्या घालत. जिने आज काय चुकलं ते सांगावं, तिला बाकीच्यांनी उपाय सुचवावा, आणि वर मूठभर शेंगा. चूक नाही तर शेंगा नाहीत. बाई स्वतः रोज दोन चुका सांगून दोन मुठी खात. मी पडले इंग्रजी शिकलेली. पहिल्याच दिवशी ताठ मानेने म्हणाले, "माझं काही चुकलं नाही." पुढे सहा महिने ओट्याच्या दुसऱ्या टोकाला पुस्तक घेऊन बसले, बिनशेंगांची.

माझी कच्ची नोकरी पक्की व्हायची की संपायची, ते तपासणीच्या साहेबांच्या शेऱ्यावर होतं. ते यायच्या आदल्या दिवशी बाई तट्टीला वळसा घालून माझ्या भूगोलाच्या तासाला घुसल्या. "सांगा पोरीसवन, सातपुडा कोठे शे?" साऱ्या पोरींनी बोट वर, आढ्याकडे केलं. भिंतीवर नकाशा टांगून 'सातपुडा उत्तरेला, उत्तर वर' असं मीच घोकवून घेतलं होतं. खरा सातपुडा उघड्या दारातून दिसत होता.

"बाई, तुन्हा सातपुडा आढ्याले टांगेल शे का?" त्या तट्टी हलेपर्यंत हसल्या. माझे डोळे भरलेले दिसताच मात्र त्यांनी नकाशा काढून जमिनीवर अंथरला, वरची बाजू दाराकडे केली आणि एकेका पोरीला नकाशावरची तापी ओलांडून सातपुड्याकडे चालत नेलं.

त्या संध्याकाळी मी ओट्यावर सरकून बसले आणि चूक सांगितली. बाईंनी माझी ओंजळ भरली. "आते मन्ही चूक आयक. सा महिना तू एकली बसनी, नि मी तुले बलावं नही." त्या दिवशी त्यांनी स्वतः एकही शेंग घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सातपुडा विचारताच अख्खा वर्ग उठून दाराकडे पळाला. साहेब क्षणभर खुर्चीत एकटेच. मग तेही मागोमाग. नोकरी पक्की झाली. वर्षभरात बाईंची बदली झाली. आम्ही पत्रं लिहिली, पण दोघींनीही 'सर्व ठीक' एवढंच.

तुमचीही पत्रं तशीच येतात, सगळं ठीक असलेली. माझीही तशीच जातात. म्हणून आज मी आधी सांगते : परवा तुमचा फोटो नीट ठेवला, आणि कुठे ते विसरले. दोन दिवस शोधते आहे. आता तुमचं काय चुकलं ते लिहा. शेंगा भाजून ठेवल्या आहेत.