मोटर बुडता कामा नये

मूर्तिजापूरचे उकंडराव गावंडे विहिरींवरचे पंप दुरुस्त करतात. बत्तीस वर्षांत त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली आहे: मोटर पाण्याच्या वर राहिली पाहिजे. पावसाळ्यात कुणाची विहीर भरू लागली, की हा माणूस ताटावरून उठून मोटर वर ओढायला पळतो. स्वस्थ बसणं त्यांना जमतच नाही.

अमरावतीच्या आरती मॅडम निवृत्त क्रीडाशिक्षिका. धरणावर त्यांची छोटी शिडाची होडी आहे. दुपारी वारा पडला की ती मध्येच अडकते. म्हणून त्यांनी होडीच्या मागच्या फळीवर लावायचं पेट्रोल इंजिन आणलं आणि बसवायला उकंडरावांना बोलावलं.

उकंडरावांनी फळीवर आधी वीतभर उंचीचा लाकडी ठोकळा बसवला आणि त्यावर इंजिन आवळलं. दोरी ओढली. इंजिनाच्या खालच्या टोकाचा पंखा अर्धा हवेत! इंजिन नुसतं किंचाळलं, होडी जागची हलेना.

"खाली घ्या. पंखा पूर्ण बुडू द्या," मॅडम म्हणाल्या.

"बुडाली तं जळते ना मोटर!"

"ही नाही जळत."

धुसफुसत त्यांनी ठोकळा काढला, इंजिन खाली घेतलं, स्क्रू तीन-तीनदा आवळले.

होडी निघाली. उकंडराव टेकायला तयार नाहीत. ओणवे होऊन इंजिनाकडेच बघत राहिले. पाण्याच्या मधोमध मॅडमचं लक्ष त्यांच्या अंगाकडे गेलं.

"तुम्हाला दिलेलं लाइफ जॅकेट कुठंय?"

जॅकेट इंजिनाला दोरीनं बांधलेलं होतं.

"मले पोहता येते," उकंडराव खेकसले. "याले येते काय?"