साडभाऊंचा गार खडक

चंद्रपूरच्या मे महिन्याशी ज्याचं काहीही वाकडं नाही असा माणूस पृथ्वीवर एकच, माझे साडभाऊ. आम्ही घुग्घुसला कूलरपुढे ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन बसलेलो असतो, तेव्हा सिंदेवाहीकडून त्यांचा फोन येतो, "या ना सारे, इथी थंडी वाजून राह्यली." थंडी म्हणजे गावामागच्या टेकडीवरच्या खडकाला पडलेली वीतभर भेग. भर उन्हाळ्यात तिच्यातून गार वारा येतो. टेकडी आतून पोकळ असावी असं लोक म्हणतात. साडभाऊंच्या मते तो जमिनीचा श्वास आहे आणि त्याची देखभाल त्यांच्याकडे आहे.

टरबूज तिच्यापुढेच गार करायचं, भांडलेल्या भावांना तिच्यापुढेच बसवायचं. पुतणीला पाहायला आलेल्या पाहुण्यांनाही पोहे नंतर, आधी टेकडी. मुलाचा मामा धापा टाकत वर पोचला आणि "एवढंच?" म्हणाला, तेव्हा साडभाऊंनी ती सोयरीकच होऊ दिली नाही. "ज्याले वारा समजत नाई, त्याले सून काय समजन?" दर्शनाची रीतही त्यांचीच. चपला खाली काढायच्या, तोंड बंद ठेवायचं, आणि चुन्याच्या डबीतला सावरीच्या कापसाचा पिंजका भेगेशी धरायचा. तो उडाला की साडभाऊ असे पाहतात, जणू आत बसून त्यांनीच पंखा हलवला.

खरं तर भेग त्यांना दाखवली ती त्यांच्या बायकोने, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने. तिने लहानपणी त्या टेकडीवर बकऱ्या चारलेल्या. साडभाऊ त्या घरी घरजावई आले, तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात ती त्यांना वर घेऊन गेली होती. ती वारली तेव्हा मी त्यांच्यापुढे नुसते हात जोडून परतलो. बोलणं मला कधी जमलंच नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही टेकडीवर गेलो. साडभाऊंनी पिंजका धरला. हलला नाही. पुन्हा धरला. नाहीच.

"गेली वाटते तिच्यासंगच," ते पुटपुटले.

मी त्यांच्या खांद्यामागे उभा होतो. हळूच फुंकर मारली. पिंजका उडाला. "हाये, हाये!" साडभाऊ म्हणाले, आणि खाली येऊन दोघांचा भात एकट्याने जेवले. मला मात्र वर्षभर एकच गोष्ट खुपत राहिली. दुःखातल्या माणसाला मी खोटा वारा घातला होता. बायकोलाही सांगितलं नाही.

यंदा कबूल करायचंच म्हणून चढलो. "भाऊ, मागच्या साली मी..."

"चूप. रीत काय हाये?" त्यांनी पिंजका माझ्या हातात दिला, स्वतः दूर मोहाखाली जाऊन उभे राहिले आणि तोंडाला दुपट्टा बांधला.

मी ओठ घट्ट मिटले. पिंजका बोटांतून सुटून माझ्याच नाकावर आदळला. सगळं कपाळ गार झालं.

"पावसाळ्यात माती शिरली होती," दुपट्ट्याआडून आवाज आला. "तू फुकला तवाच समजलं. तुयी फूक गरम होती न! हिवाळाभर कोरून काढली मंग."

"तवाच बोलले काऊन नाई, भाऊ?"

"तू जनमाचा मुका. पह्यल्यांदाच मले काई बोलला होता. मधात कसा तोडू?"

मग आम्ही भेगेपुढे बसलो. मधे एका माणसाची जागा आपोआप सुटली. टरबूज गार व्हायला अजून वेळ होता.