डाव्या दारातला छोटा स्पीकर

गाड्यांमध्ये स्पीकर बसवणाऱ्या या गड्याला सगळा बाजार कानसेन म्हणायचा. नाव काही उगाच पडलं नव्हतं. गाडीच्या दाराला कान लावायचा आणि आतला कुठला स्क्रू सैल आहे ते सांगून मोकळा व्हायचा. दुकानात वायरी तपासायचा मीटर होता, पण तो खोक्यात धूळ खात पडलेला. कुणी विचारलंच, तर नाक वर करून म्हणायचा, "मीटर बहिऱ्यांसाठी असतो!" अरे बाबा, माणसानं बोलावं तरी किती!

त्या दिवशी सकाळी गायनाच्या बाई गाडी घेऊन पुन्हा दारात उभ्या राहिल्या. महिनाभरापूर्वीच त्यानं त्यांच्या गाडीत नवे स्पीकर बसवले होते. प्रत्येक दारात दोन, खाली जाड आवाजाचा मोठा आणि वर आरशापाशी बारीक आवाजाचा छोटा.

"डाव्या दारातला आवाज मधूनच जातो हो," बाई म्हणाल्या. "जाड आवाज राहतो, पण बारीक गायब. माझ्या क्लासच्या मुली गाताना कुणी त्यांच्या तोंडावर उशी दाबावी, तसं वाटतं."

मागच्या खेपेलाही त्या हेच सांगत आल्या होत्या. तेव्हा यानं गाणं लावलं, मान डोलावली आणि "वाजतंय की छान!" म्हणून त्यांची बोळवण केली. आज बाई तशा जाणाऱ्यातल्या नव्हत्या. "तुमच्या कानाचं नाव ऐकून आले होते मी. आता ओळखीच्यांना काय सांगू?" एवढं बोलून त्या बाजारातली कामं उरकायला निघून गेल्या.

ते वाक्य त्याच्या जिव्हारी लागलं. समोर काचेचं चकचकीत दुकान थाटलं होतं, तरी गिऱ्हाईक याच्याच कळकट शटरखाली यायचं, ते या कानापायी. त्या कानावरच शंका आली, तर मागे उरतं काय? एक शटर आणि एक स्टूल.

म्हणून आज त्यानं मनावर घेतलं. दाराचं आतलं कव्हर काढलं, मोठ्या स्पीकरची वायर सोडवली, बाकीच्या दारांचा आवाज बंद केला, म्हणजे छोटा एकटाच वाजेल. गाणं लावलं, कान टेकवला. चिडीचूप. "सापडला चोर!" तो खूश झाला. छोटा मेलाय. त्यानं नवा लावला. तोही मुका. आवाज वाढवला, दुसरं खोकं फोडलं, त्यातला लावला. तोही मुकाच!

आता मात्र त्याचं पित्त खवळलं. माल पुरवणाऱ्याला फोन लावून त्यानं त्याची सालटी काढली. "सगळा भंगार माल माझ्याच गळ्यात मारतोस काय? एकही वाजत नाही!" पलीकडचा बिचारा "दादा, दादा" करत राहिला. यानं फोन आदळला आणि आवाजाचं बटण आणखी पिळलं.

आतून गल्ल्यावरची बायको दोन्ही कानांत बोटं घालून धावत आली.

"अहो, बंद करा ते! कान किटले माझे!"

"काय बंद करू? वाजतंय कुठे?"

बायको जागच्या जागी थांबली. तिनं कानातली बोटं काढली, पुन्हा घातली. त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं बटणावरचा हात काढला.

"वाजतंय?" त्यानं हळू विचारलं.

"केव्हाचं चिरचिरतंय."

तो स्टुलावर बसला. घरातला थर्मामीटर त्यानं मध्यंतरी भंगारात काढला होता, शिट्टी देत नाही म्हणून. ओव्हनची घंटी बिघडलीय म्हणून कंपनीच्या नावानं शंख केला होता. तेव्हा बायको गुपचूप उठायची आणि ओव्हन बंद करायची.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"वर्षभर तरी." तिचे डोळे भरले होते. "कसं सांगू? तुम्ही त्या कानावर जगता."

त्याला तिचा राग आला, मग स्वतःची लाज वाटली, आणि मग नुसती भीती. पण बाई येणार होत्या आणि गाडी उघडी पडली होती.

"अगं, आत बस," तो शेवटी म्हणाला. "आवाज गेला की सांग."

बायको सीटवर बसली. त्यानं वायर हलवून पाहिली. "आहे." काच खालीवर केली. "आहे." मग दार सताड उघडलं. "गेला!" लोटलं. "आला!"

दार आणि गाडीच्या मधल्या रबरी नळीतून जाणारी छोट्याची वायर त्यानंच ताणून बसवली होती. लोंबती वायर म्हणजे गबाळं काम, हा त्याचा हट्ट. दार पूर्ण उघडलं की जोड ओढला जाई, आणि मग कधी लागे, कधी सुटे. त्यानं नळीत थोडी ढिली वायर सोडली, जोड नव्यानं केला, मोठाही जोडला. पुन्हा दार उघडलं, मिटलं. "आहे, आहे," बायको म्हणत राहिली.

दुपारी बाई आल्या, गाडीत बसल्या आणि खुलल्याच. "आता कसं! मानलं तुमच्या कानाला."

त्यानं हात पुसता पुसता सांगून टाकलं. "कान हिचा आहे, बाई. मला बारीक आवाज नाही ऐकू येत."

बाई खळखळून हसल्या. "बायकोचं इतकं कौतुक करणारा नवरा पहिल्यांदाच बघतेय!"

तो पुन्हा सांगायला गेला, पण त्यांनी बोट वर केलं. "थांबा, हे ऐका. क्लासातल्या सगळ्यात लहान मुलीनं गायलंय. मागे बारीकशी घंटी वाजते, तीही तिचीच. घंटी आली की सांगा मला."

गाणं सुरू झालं. पोरीचा आवाज त्याला येत होता, जरा दबलेला. घंटीसाठी त्यानं जीव कानात गोळा केला, पण काहीच आलं नाही. मग तो दाराकडे न बघता शेजारी उभ्या बायकोकडे बघत राहिला. तिची मान हलकेच डोलली, तेव्हा तो म्हणाला, "आली."