संडासाच्या दाराचा तपास

दत्तात्रेय गुन्हेगारीशास्त्र शिकायला दूर मध्य प्रदेशात गेला, तेव्हा मुरुडजवळच्या त्याच्या गावाने त्याचा एकच अर्थ घेतला: महादेवरावांचा मुलगा चोरीची पदवी घेणार. एकोणीसशे बासष्टच्या होळीला तो एसटीतून उतरला, तर नारळ पाडणारा रावजी माडावरूनच ओरडला, "दत्तूभाऊ, खिसा कापायची परीक्षा झाली का? का नुसती तोंडीच हाय?"

दत्तात्रेय हसला. त्याला या विद्येचं खरोखर वेड लागलं होतं. चहाचा पेला हाती आला की तो आधी उजेडात धरून त्यावरचे ठसे बघे, आणि चहा निवून जाई.

घरी पोचला, तर संडासाला दार नव्हतं.

वाडीच्या टोकाला, सुपारीच्या ओळींमागे, चौकटीत गोणपाट लटकत होतं. आत कोणी आहे हे कळावं म्हणून त्याचे वडील, अप्पा, खणखणीत आवाजात पाढे म्हणत होते. एकोणतीसच्या पाढ्यावर अडखळले आणि बाहेर आले.

"आलास? दार होळीवर गेलंय."

होळीसाठी गावातली तरणी मंडळी दर वर्षी लाकडं चोरत. एकदा होळीवर चढलेलं लाकूड परत मागायचं नाही, ही रीत अप्पांनाही मान्य होती. पण त्यांना चोराचं नाव हवं होतं.

"होळी पेटायच्या आत चोर दाखव. नाहीतर तुझं ते शास्त्र बंद. अलिबागला मामाच्या कचेरीत कारकुनी कर."

दत्तात्रेय कामाला लागला. चौकटीवर आईची टाल्कम पावडर फुंकली, शिंकला, पुन्हा फुंकली. घरच्यांचे आणि त्या तरण्या मंडळींचे अंगठे काजळीत बुडवून कागदावर घेतले. मंडळी तर हौसेने दोनदा रांगेत आली. त्यांचा म्होरक्या सदा म्हणाला, "आम्ही चोरलंच न्हाय, तर नाव कुनाचं सांगू?"

"मग दार होळीवर गेलं कसं?"

"रीतसर."

चौकटीवरचे ठसे सगळे घरचेच निघाले. दत्तात्रेय हिरमुसून स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला, तर फडताळात एक करवंटी दिसली. तीत दोन्ही बिजागऱ्या आणि सगळे स्क्रू, वर खोबरेल लावून ठेवलेले. चोर दार उखडतो, स्क्रू जपून ठेवत नाही. असं जपणारं माणूस घरात एकच होतं.

त्याची आई, अनुसूया, पुरण वाटत होती. तिने मान वर केली नाही.

"पाणी प्यायलास ना? मग नीघ इथून."

त्याला आठवलं. दाराची खालची फळी कुजली होती. आई वर्षानुवर्षं नवं दार मागत होती, आणि अप्पा म्हणत, "टिकेल अजून."

संध्याकाळी सारं गाव होळीभोवती जमलं. दार अगदी वर, ऐटीत बसलं होतं.

"बोल," अप्पा म्हणाले. "कोण?"

आई नैवेद्याचं ताट घेऊन पुढेच उभी होती. फायदा कोणाचा, हे आधी विचारायला त्याला कॉलेजात शिकवलं होतं. उत्तर आईपाशी येऊन थांबलं तर काय करायचं, ते शिकवलं नव्हतं.

"पुरावा अपुरा आहे, अप्पा."

"म्हणजे मामाची कचेरी."

"हो," दत्तात्रेय म्हणाला, आणि खाली बघत राहिला.

आईने ताट सदाच्या हातात दिलं. "दार मी काढून दिलं. वारा सुटला की आपोआप उघडायचं, आणि समोर हा रावजी माडावर!"

"म्या कधी बगितलं न्हाय, वयनी!" रावजी किंचाळला. मंडळींनी त्याच्याच नावाने जोरदार बोंब ठोकली.

अप्पा मुलाकडे वळले. "तुला ठाऊक होतं?"

"दुपारीच करवंटी बघून गेलाय," आई म्हणाली.

"चोर सापडला आणि सोडून दिलास?" अप्पांनी टोपी सारखी केली. "मग पोलीस खात्याला अगदी लायक आहेस. शीक बाबा, शीक."

होळी पेटली. कुजकी फळी सगळ्यांत आधी गेली.

दत्तात्रेय परत जायला निघाला, तेव्हा नवं फणसाचं दार जुन्याच बिजागऱ्यांवर बसलं होतं. आणि त्याच्या आडून, काही गरज नसताना, एकोणतीसचा पाढा ऐकू येत होता.