डॉल्फिन शोधायला मालवणहून नागपूर

तीन खाचांची डॉल्फिन जिवंत आहे. गेल्या हंगामाच्या शेवटी कारवारच्या गटाने टिपलेला फोटो तिचाच, असं त्या गटाच्या प्रमुख शांतला नाईक यांनी परवा लेखी कळवलं. मात्र आमच्या मालवणच्या दत्तारामकाकांना तिचा पत्ता लागला तो समुद्रावर नाही, नागपुरात.

काका पर्यटकांना होडीतून डॉल्फिन दाखवतात, उरलेल्या वेळात मासेमारी करतात. वर्षभरापूर्वी त्यांच्या जाळ्यात एक मादी अडकली. तिच्या पाठीवरच्या पराला तीन खाचा; पूर्वी पर्यटकांना दाखवताना काकांनी तिचा फोटोही काढला होता. काकांनी जाळं कापून तिला सोडलं, पण शेपटीला एक तुकडा तसाच राहिला. त्यानंतर ती दिसलीच नाही. किनाऱ्याला मेलेली डॉल्फिन लागली की काका आधी तिची पाठ बघायला धावत. डॉल्फिन आणि देवमाशांवर काम करणाऱ्या गटांची नागपूरला बैठक आहे, असं मी सांगितलं तेव्हा त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "कारवारवाले येतले? आणि नागपूराक मासे गावतत?"

कुडाळहून नागपूरची थेट गाडी ठरावीक दिवशीच असते आणि जवळजवळ चोवीस तास घेते. तिकीट आधी काढा. तळलेली सुरमई नेणार असाल तर डब्यातल्या लोकांशी ओळखही आधीच काढा. आम्ही उलटं केलं.

स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने आमच्या येण्याचं कारण ऐकून मागे वळून पाहिलं. "काहून जी काका, डॉल्फिनसाठी नागपूरले आले? इथं पाण्यात म्हशी भेटतीन फक्त."

"म्हशींच्या पाठीक खाचा असतत?" काकांनी गंभीरपणे विचारलं.

"विचारून सांगतो."

सकाळी टपरीवर तर्री-पोहे खाल्ले. काकांनी वरचा लाल रस्सा, म्हणजे तर्री, दोनदा मागून घेतली आणि मग डोळे पुसू लागले. तिखट लागलं का म्हटलं, तर म्हणाले, "डोळ्यात धूळ गेली." पाऊस पडून गेला होता. धूळ कुठेच नव्हती.

बैठक नागपुरात का? तर समुद्र तिथून सगळ्यांनाच लांब. मालवणचे कारवारला जायचे नाहीत, कारवारचे ओडिशाला. यजमान वर्षाताई मेश्राम, निवृत्त शिक्षिका. सगळ्यांचे फोटो यापुढे त्यांच्याकडे राहावेत असं ठरत होतं. "माझ्याजवळ एकबी डॉल्फिन नाही ना," त्या म्हणाल्या, "म्हणून सगळे विश्वास ठेवून राहिले."

विश्वासाचं दर्शन लगेच घडलं. दहा लॅपटॉप, एकही उघडेना. "तुम्ही आधी पाठवा." "छे, आधी तुम्ही." शेवटी ताईंनी वर्गात वापरायचा आवाज काढला, लॅपटॉप बाजूला ठेवायला लावले आणि प्रत्येकाने आणलेले छापील फोटो टेबलावर पालथे मांडायला सांगितले. "तीन म्हटलं का सगळ्यांनी संगंच उलटवायचे. चिटिंग नाही."

काका टेबलाभोवती फिरले. तीन खाचांचा एक फोटो शांतलाबाईंपुढे होता. "तुमची ती ही नव्हे," त्या म्हणाल्या. "हिच्या खाचा दुसऱ्या बाजूला आहेत." काकांनी तो कागद उचलला, खिडकीशी नेला, उलटा धरला आणि त्यावर आपला फोटो ठेवला. त्यांनी फोटो उजवीकडून काढला होता, कारवारवाल्यांनी डावीकडून. उजेडात तीन खाचा तीन खाचांवर बसल्या.

"तुम्ही एवढं बरोबर कसं ओळखलंत?" कुणीतरी विचारलं.

काकांना काहीही सांगता आलं असतं. जाळ्यांना नावं ठेवणाऱ्यांनीच तर खोली भरली होती. "माझ्याच जाळ्यात गावली होती ती," ते म्हणाले. "शेपटीक तुकडो ऱ्हवलो."

शांतलाबाईंनी फोटो पुन्हा पाहिला. "यात शेपटी नाही हो, काका." मग त्यांनी लॅपटॉप ओढला आणि सगळ्यांदेखत पासवर्ड टाकला. "बाकीचे शोधूया." त्यांच्यामागे एकेक करत सगळे लॅपटॉप उघडले. शेपटी कुठेच सापडली नाही, पण दुपारपर्यंत वर्षाताईंकडे सगळ्यांचे फोटो जमा झाले होते.

परतण्याआधी इतवारीच्या बाजारात गेलो. भांड्यांच्या गल्लीत हातगाड्या चुकवत काकांनी घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घेतला. मला वाटलं संत्रा बर्फीसाठी. तो फोटोसाठी होता.

आता डबा काकांच्या होडीत आहे, बर्फी संपली आहे. नारळी पौर्णिमेनंतर कारवारची होडी उत्तरेकडे निघेल, आमची दक्षिणेकडे. दोन्हींचे फोटो त्याच संध्याकाळी नागपूरला जातील. ती दिसली तर खोल बुडी मारताना तिची शेपटी क्षणभर पाण्याबाहेर येईल; जाळ्याचा तुकडा अजून आहे की गेला, ते तेव्हाच कळेल. कॅमेरा मी सांभाळायचा, असं ठरलं आहे.

"फोटो तू काढ," काका म्हणाले. "माका बघूचा आसा."