जाताना बंदी नाही

सर्जेरावांना बैलगाडी घेऊन घराबाहेर पडता येत होतं, पण गाडीसकट घरी परतता येत नव्हतं. अख्ख्या खराडीत ही तऱ्हा त्यांच्याच वाट्याला आली.

जमीन बिल्डरकडे गेली, मुलगा पृथ्वीराज आयटीत लागला. उरला नदीकाठचा अर्धा एकर आणि पाखऱ्या-हरण्याची जोडी. रोज सकाळी गाडी जुंपायची, चारा कापून आणायचा. सत्तरीच्या माणसाला अंथरुणातून उठायला एवढं निमित्त लागतंच.

एके दिवशी चारा घेऊन परतताना गल्लीच्या तोंडाशी हवालदाराने हात आडवा केला. खांबावर नवी कोरी गोल पाटी होती. लाल वर्तुळात बैलगाडी आणि तिच्यावर आडवी रेघ.

"आवो, माझं घर हाय आत! आत्ता गेलो तवा नव्हती पाटी."

"होती. तुमच्याकडे तिची पाठ होती. पाटी आत शिरणाऱ्यासाठी असते, आजोबा. इथून पुढच्या चौकापर्यंत लागू. बाहेर जाणाऱ्याला आमची हरकत नाही."

"म्हंजी जा, पर येऊ नगं?"

"एकदम बरोबर. शिकलेल्यांना इतकं पटकन समजत नाही."

गल्लीच्या दुसऱ्या तोंडालाही तशीच पाटी होती. सर्जेरावांनी मुकाट्याने बैल सोडले. सुट्या बैलांना बंदी नव्हती, माणसालाही नव्हती. बैलांच्या पाठीवर भारा टाकून पाहिला, तर सवय नसल्याने त्यांनी दोन पावलांत पाडला. मग गाडी बाहेर टपरीजवळ ठेवून म्हाताऱ्याने भारा आपल्याच डोक्यावर घेतला. पुढे ओझ्याखाली वाकलेला मालक आणि मागे हात हलवत निघाल्यासारखे रिकामे बैल! गल्लीतली पोरं व्हिडिओ काढत. सर्जेरावांना मेल्याहून मेल्यासारखं होई, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. करणार काय?

दोन महिन्यांत बैल शहाणे झाले. खांब आला की आपोआप थांबत, मालक भारा उचलेपर्यंत हलत नसत. मालकाची मान मात्र धरली ती धरलीच.

"बाबा, डॉक्टर काय म्हणाले ऐकलंत ना?" पृथ्वीराज म्हणाला. "वाघोलीच्या पुढचे एक जण आहेत, जोडी नीट सांभाळतील. प्लीज, आता बास."

सर्जेराव तीन दिवस भारा वाहतच राहिले. चौथ्या दिवशी "हूं" म्हणाले.

रविवारी टेम्पो हमरस्त्यावर येऊन थांबला. सर्जेराव दोन्ही कासरे धरून गल्लीतून निघाले. आज गाडी नव्हती, भाराही नव्हता. खांबापाशी आले आणि पाखऱ्या थांबला, त्याच्यामागे हरण्याही. दोघं मान वळवून मालकाकडे बघत राहिले, नेहमीसारखे, भारा डोक्यावर चढायची वाट पाहत.

या बाजूने पाटी नुसती करडी होती, तिच्यावर काहीच नव्हतं. सर्जेरावांना रडू आवरेना. त्यांनी पाखऱ्याच्या मानेवर हात ठेवला.

"चला रं," ते म्हणाले. "जाताना बंदी नाय."